ताण तोडल्यावर

मोसंबीच्या फुलांचा वास भर दुपारी लपून असतो. ऊन कललं, गुरं परतली, चुलीचा धूर माळवदावरून अंगणात उतरला, की मग तो बांधावरून गावात शिरतो. आधी एकदा नुसता अंगावरून जातो, मग थांबतो, आणि अंधार पडेपर्यंत ओसरीत, गोठ्यात, दोरीवरच्या धुण्यात, माणसांच्या बोलण्यातसुद्धा मुरून गेलेला असतो. गोड, पण मागे एक बारीकशी कडवट कड असलेला. जानेवारी संपता संपता घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थच्या आसपास कुठे मुक्कामाला असाल आणि बागा फुललेल्या असतील, तर हा वास चुकवू म्हणता चुकत नाही. मला तर तो पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर, भाजीवाल्याकडून आणलेल्या मोसंबीची साल नखाने खरवडली तरी येतो. अर्धाच येतो. उरलेला अर्धा मनानं भरून घ्यायचा.

हा वास फुकट मिळत नाही. त्याआधी झाडांना ताण द्यावा लागतो. हिवाळ्यात बागेचं पाणी तोडतात, भारी काळ्या रानात जास्त दिवस, हलक्या मुरमाड जमिनीत कमी. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, थोडी गळतातही. आजोळी सुट्टीला गेलेल्या मला ते बघवायचं नाही; मी लोटाभर पाणी घेऊन निघाले की आजी हाताला धरून मागे ओढायची. "ऱ्हाऊ दे माय, कळू दे त्याला." काय कळू दे, ते तिनं कधी सांगितलं नाही. मग एके दिवशी मामा चाळणी करायचे, खत घालायचे आणि ताण तोडायचे. पहिलं आंबवणीचं हलकं पाणी, काही दिवसांनी चिंबवणीचं, आणि मग कोवळ्या पालवीच्या आडून ती पांढरी, जाड पाकळ्यांची फुलं. बहार धरला, असं म्हणतात आमच्याकडे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कागदावर हा वास कुठे लिहिलेला असेल, असं मला वाटत नाही.

एजियन समुद्रातल्या इकारिया बेटाबद्दल मी वाचलं तेही आजोळच्या याच ओसरीवर, बाजेवर आडवं पडून. २०१२ च्या ऑक्टोबरात न्यू यॉर्क टाइम्सच्या मासिकात त्या बेटावर एक मोठा लेख आला होता: तिथली माणसं जणू मरायचंच विसरतात. मी त्याचा कागद काढून सुट्टीत वाचायला नेला होता, कारण गावच्या दुपारइतकी वाचायला सोयीची वेळ दुसरी नाही. ग्रीसच्या मुख्य भूमीपासून दूर, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळचं डोंगराळ बेट. जेवणानंतर डोळा लावणारी माणसं, रात्री उशिरा उघडणारी दुकानं, घड्याळाला कुणी फारसं न विचारणं. घरच्या द्राक्षांची दारू, शेळीचं दूध, डाळी-कडधान्यं, डोंगरातून खुडून आणलेल्या रानभाज्या. त्यांत आपली घोळसुद्धा. घोळ ग्रीसमध्ये खातात हे ऐकून आजीला फार बरं वाटलं. इतक्या लांब कुणी आपल्या ओळखीचं निघावं, तसं.

मी तो लेख वाचत होते त्या जानेवारीत मात्र गावात वास नव्हता.

आदल्या पावसाळ्यात जालना जिल्ह्यात पाऊसच झाला नाही म्हणायला हरकत नाही. विहिरी तळाला गेल्या, टँकरचं पाणी आधी माणसांना, मग जनावरांना, आणि झाडांना उरलं तर. ताण द्यायचा असतो तसा तोडायचाही असतो. त्या हिवाळ्यात तोडायला पाणी नव्हतं. कितीतरी बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाड घातली. मामांनी निम्मी बाग तोडली आणि चुलीत मोसंबीचं लाकूड आलं. आजी ते लाकूड पुढे सारताना बोलायची नाही. एरवी ती चुलीशीही बोलायची.

मी तिला इकारियाबद्दल वाचून दाखवत होते, मराठी करून, जमेल तसं. स्टामाटिस मोराइटिस नावाच्या माणसाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत डॉक्टरांनी फुप्फुसाचा कर्करोग सांगून नऊ महिने दिले होते. हा मरायला म्हणून गावी आला, द्राक्षं लावली, आणि पुढे काही दशकं त्यांची दारू पीत जगला. आजीनं गोष्ट नीट ऐकली आणि विचारलं, "त्याची बायको त्याला भाकरी टाकत व्हती का?" होती, म्हटलं, बरोबरच होती. "मग!" ती म्हणाली.

पुढचा तिचा प्रश्न आणखी अवघड होता. इतकी म्हातारी माणसं तिथं, मग त्यांची पोरं कुठं गेली? पोरं गेली होती. इकारियाची माणसं गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत गेली, त्यातली पुष्कळ पिट्सबर्गला, पोलादाच्या कारखान्यांत. १९०३ साली त्यांनी तिथं आपल्या बेटाच्या नावानं संघटनाही काढली. हे ऐकून आजी हसली. तिचा धाकटा जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर होता. गाव सोडून जायची रीत आमच्याकडे तशी जुनीच. १६०८ साली जांबेत जन्मलेला नारायण ठोसर बोहल्यावरून पळाला. समर्थ रामदास होऊन परतला तेव्हा वाट बघता बघता आईची दृष्टी गेली होती, असं सांगतात.

गावची दुपारची शांतता मी लहानपणी देवानं दिलेली समजत असे. आता तिच्यात गेलेल्यांच्या जागा दिसतात. बंद वाडे, कुलपं, पारावर तीच चार-पाच पागोटी. इकारियाच्या शांततेतही असंच काही असणार. ग्रीसच्या यादवीच्या काळात सरकारनं हजारो डाव्या विचारांच्या माणसांना तिथं हद्दपार केलं, संगीतकार मिकिस थिओडोराकिस त्यांतलेच एक. ज्या बेटावर शिक्षा म्हणून पाठवत, तिथं आता सुट्टीला जातात.

आणि वय? त्या लेखातल्या वयांवर आजीचा विश्वास बसला नाही. "लिवून कुणी ठिवलं?" तिचं स्वतःचं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. निजामाच्या राज्यात, रझाकारीत थोरला पोटात होता, १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर तो झाला, १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली. एवढीच तिची जन्मपत्रिका. मतदार कार्डावर तिचं वय तिच्या थोरल्यापेक्षा जेमतेम आठ वर्षांनी जास्त होतं. तिची शंका पुढे २०२४ मध्ये सॉल न्यूमन या संशोधकाला इग नोबेल हा गमतीचा पुरस्कार मिळवून देईल, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. जिथं जन्ममृत्यूच्या नोंदी ढिसाळ, तिथंच शतायुषी जास्त सापडतात, असं त्यानं दाखवलं. इकारियाचा अभ्यास करणारे म्हणतात, आम्ही कागद तपासलेत. असतीलही. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. आजी किती वर्षं जगली हे मला सांगता येणार नाही, आणि तिच्या हातची कारळाची चटणी जिभेवर येते तेव्हा ते कुणी विचारतही नाही.

ती दुष्काळानंतर आणखी काही बहार बघून गेली. तोडलेल्या जागी मामांनी पुन्हा रोपं लावली, शेततळं केलं, ठिबक टाकलं. मोसंबीचं झाड काही शंभरी गाठत नाही. वीस-पंचवीस वर्षांत थकतं. पण नवी बाग पहिल्यांदा फुलली त्या संध्याकाळी मामांनी मला फोन केला आणि काही न बोलता बागेत नेऊन धरला. वास फोनमधून येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मी तरी कान लावून उभी राहिले.

इकारियाला मी अजून गेलेले नाही. जाईन कधीतरी. तुम्हाला मात्र जवळची वाट सांगते. मनमाड-सिकंदराबाद लाइनवर जालन्याला उतरा, घनसावंगीची एसटी धरा, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारी लागल्या लागल्या. मे महिन्यात येऊ नका. आणि निघायच्या आधी एक फोन करून यंदा पाऊस कसा झाला, तेवढं विचारून घ्या.