सिफर आणि कोरी जागा

माझी भाची पुण्यात एका कंपनीत नोकरी करते. नेमकं काय करते, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. तिची अम्मी, म्हणजे माझी मोठी बहीण, विचारणाऱ्यांना "कंप्युटरपे हिसाब लिखती" एवढंच सांगते, आणि स्थळ घेऊन आलेली माणसं तेवढ्यावर मान डोलावतात.

त्या वर्षी मार्चअखेर आणि रमजानचा शेवटचा अशरा एकत्र आले. भाची ईदसाठी सोलापूरला आली ती लॅपटॉप घेऊनच. कंपनीला पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक महिनाअखेरीच्या आत हवं होतं. तरावीहनंतर मी बहिणीकडे चहाला गेलो, तर ही कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत बसलेली. "मामू, बैठो जरा. बेरीज जमेना."

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. बेरजेचा आणि माझा संबंध हजेरीपटापुरता. पण बसलो.

एक्सेल मला येतं. शाळेत ते काम माझ्याच गळ्यात असतं. हिच्या एक्सेलमध्ये मात्र वरच्या पट्टीत 'स्मार्ट व्ह्यू' नावाचा एक जादा टॅब होता. ओरॅकल कंपनीचं हे ॲड-इन. तिनं सांगितलं ते मला असं समजलं, की आकडे या शीटमध्ये नसतातच. ते दूर सर्व्हरवर असतात, शीट ही नुसती खिडकी. खिडकीतून काय दिसावं, किती दिसावं, कोणत्या नावानं दिसावं, हे बघणाऱ्यानं ठरवायचं. मागे जो डेटाबेस असतो त्याचं नाव एसबेस. १९९२ साली आर्बर सॉफ्टवेअर नावाच्या कंपनीनं तो काढला, पुढे हायपेरियनकडे गेला आणि २००७ मध्ये हायपेरियनसकट ओरॅकलकडे. 'एक्स्टेंडेड स्प्रेडशीट डेटाबेस' या तीन शब्दांची मोडतोड करून ते नाव बनलंय. आपल्या फर्दनवीसाचा फडणीस झाला, तसंच.

तिनं 'पहिली तिमाही' या शब्दावर दोनदा क्लिक केलं आणि त्यातून एप्रिल, मे, जून बाहेर आले. 'पश्चिम विभाग' या शब्दातून डेपोंची नावं बाहेर पडली. हा झूम. मग तिनं ऑप्शन्सची खिडकी उघडली, आणि मी चहा विसरलो.

तिथे एक सेटिंग आहे, ओळींना त्यांच्या मूळ नावानं दाखवायचं की 'एलियास'नं. मूळ नाव म्हणजे बहुतेक वेळा एखादा क्रमांक असतो, एलियास म्हणजे माणसानं वाचावं असं नाव. एकाच ओळीला निरनिराळ्या भाषांतले एलियास देता येतात. मला आमच्या शाळेचं रजिस्टर आठवलं. उर्दूत मुलाचं नाव 'ऐन'नं लिहिलेलं, मराठीत नुसता 'अ', आणि आधार कार्डावर तिसरंच काहीतरी. मुलगा एकच, एलियास तीन, आणि दहावीच्या फॉर्मला तिन्ही जुळवताना आमचा घामटा.

आणखी एक सेटिंग म्हणजे एकूण बेरीज वर दाखवायची की खाली. कीर्द-खतावणीवर वाढलेल्या आपल्या माणसाला बेरीज तळाला लागते, आधी ओळी वाचायच्या, मग खाली रेघ आणि आकडा. भाचीच्या साहेबांना बेरीज आधी हवी असते. खालच्या ओळी ते वाचतात की नाही, हे तिलाही माहीत नाही.

आता तिची अडचण. पश्चिम विभागाची बेरीज एक आकडा सांगत होती, आणि त्याखाली दिसणाऱ्या डेपोंची बेरीज केली तर ती कमी भरत होती. तिनं सूत्रं तपासली, आकडे हातानं मिळवून पाहिले. मग 'डेटा ऑप्शन्स'मध्ये गेली. तिथे 'सप्रेस' असा एक भाग आहे, म्हणजे दडपा, दाखवू नका. त्यात चौकोन आहेत. ज्या ओळीत काहीच भरलेलं नाही ती दडपा, ज्या ओळीत शून्य आहे ती दडपा, जी ओळ बघायची तुम्हाला परवानगी नाही ती दडपा. तिच्या शीटवर तिन्हींवर टिक होती. ही सेटिंग्ज शीटगणिक वेगळी असू शकतात. शेजारच्या शीटवर तिनं त्या टिका केव्हाच काढल्या होत्या, या शीटवर राहून गेल्या.

तिनं टिका काढल्या आणि रिफ्रेश केलं. काहीच झालं नाही.

"टिक काढली म्हणून गेलेल्या ओळी परत येत नसतात, मामू," ती म्हणाली. "त्या शीटवरून गेल्या त्या गेल्या. परत मिटवून परत उघडायचं." तिनं 'पश्चिम विभाग' मिटवला, पुन्हा उघडला, आणि दोन नवे डेपो वर आले. समोर आकडा नव्हता. 'नो ॲक्सेस' असं लिहिलेलं होतं. ते डेपो दुसऱ्या कुणाच्या अखत्यारीतले. हिला त्यांचे आकडे बघायची मुभा नाही, पण विभागाच्या बेरजेत ते धरलेले आहेत. कोडं सुटलं. ती हसली आणि अम्मीला चहा गरम करायला सांगितला.

त्याच शीटवर आणखी काही ओळी उगवल्या होत्या. एकीसमोर ० होता, दुसरीसमोर 'मिसिंग'. मी विचारलं, दोन्हींचा अर्थ एकच ना?

"अजिबात नाही," ती म्हणाली. "शून्य म्हणजे डेपोवाल्यानं भरून पाठवलंय, या महिन्यात मला खर्च नाही. मिसिंग म्हणजे त्यानं काही पाठवलेलंच नाही. त्याला फोन करायचा असतो." मग तिनं दाखवलं, की 'मिसिंग' या शब्दाच्या जागी आपल्याला हवं ते दाखवता येतं. रिकामी जागा, आडवी रेघ, अगदी शून्यसुद्धा. "साहेबांना तो शब्द बरा दिसत नाही. म्हणून पुष्कळ लोक तिथं शून्यच लावून ठेवतात. शीट साफ दिसते."

ही 'साफ शीट' मी बनवलेली आहे.

आमच्या मोहल्ल्यात रमजानमध्ये जकात आणि इतर मदत गोळा होते, आणि तिच्यातून शाळकरी मुलांना वह्या, गणवेश, फी दिली जाते. यादी मी करतो. "मास्तर, तुम्हाला कंप्युटर येतो," या एका वाक्यावर हे काम माझ्याकडे आलं. पोरं घरोघर जातात, घरची कमाई किती, मुलं किती, गरज कशाची, हे लिहून आणतात. मी ते एका शीटवर चढवतो. दुसऱ्या शीटवर सारांश असतो, तो पहिल्या शीटवरून सूत्रानं आपोआप येतो. त्याच्यावरून छापील यादी.

आदल्या वर्षी यादीत अठ्ठावन्न नावं होती. चार घरांना पोरं गेली तेव्हा कुलूप होतं. पहिल्या शीटवर मी त्यांच्या रकमेची जागा कोरी ठेवली, नंतर भरू म्हणून. आता एक्सेलची रीत अशी, की एका कोऱ्या घराकडे दुसऱ्या घरातून नुसतं बोट दाखवलं, तर तिथे कोरं येत नाही, शून्य येतं. सारांशात त्या चौघांसमोर शून्य आलं. शून्यं डोळ्यांना खुपतात, म्हणून 'शून्य दाखवा' ही ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधली टिक मी आधीच काढलेली. वर छापताना फिल्टर लावला, रक्कम शून्याहून जास्त. चौपन्न नावांची सुबक यादी निघाली. बेरीज तंतोतंत जुळली. शून्यानं बेरजेला काही होत नाही, त्यामुळे बेरजेकडून तक्रार यायची शक्यताच नव्हती.

कुटुंबांच्या कमाईची सरासरीही मी मोठ्या आवाजात वाचून दाखवली होती. तीही चुकली होती. कोरी घरं एक्सेल सरासरीत धरत नाही, शून्यं मात्र धरतं, आणि माझ्या सारांशात कोऱ्यांची शून्यं झाली होती. "सगळे झाले ना मास्तर?" असं हाजीसाहेबांनी विचारलं. मी झाले म्हणालो.

चौघांपैकी तिघांच्या घरून नंतर कुणी ना कुणी येऊन विचारून गेलं. त्यांची नावं मी हातानं वाढवली. चौथ्या घरून कुणी आलं नाही.

ती माझ्याच शाळेतली, दहावीची. तिची अम्मी विड्या वळते. पोरं गेली त्या दिवशी दोघी मायलेकी वळलेल्या विड्या जमा करायला कारखान्यात गेल्या होत्या, म्हणून कुलूप. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी वर्गात दिसेना. आजारी असेल असं मला वाटलं. बोर्डाच्या फॉर्मची यादी क्लार्कनं समोर ठेवली तेव्हा तिचं नाव नव्हतं, फी आलेली नव्हती. मी घरी गेलो. ती सुपात तेंदूची पानं घेऊन बसली होती, कात्री हातात. मला बघून उठून उभी राहिली, जशी वर्गात राहते.

"लिस्टमें नाम नईं था सर," ती म्हणाली. "हमना समझे, हमारा नईं बैठता." तिची अम्मी आतून बोलली, बाहेर आली नाही. लोकांना काही विचारायला जायची त्यांची रीत नाही, एवढंच म्हणाली.

विलंब शुल्क भरून फॉर्म गेला. ते पैसे कुणी भरले ते इथे लिहायचं कारण नाही. मुलगी परीक्षेला बसली. पण मधले दोन महिने तिनं शाळेऐवजी सुपासमोर काढले. घरात आपल्याविषयी काहीतरी ठरवून नाही म्हटलंय, असं समजून काढले. ठरवलं कुणीच नव्हतं. हे मी तिला सांगितलं, आणि सांगताना मला जाणवलं की त्यानं तिला काही बरं वाटत नाहीये.

भाचीच्या लॅपटॉपसमोर बसून हे सगळं पुन्हा आठवलं. मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, तिनं माझी फाइल मागितली.

उर्दूत शून्याला सिफर म्हणतात. शब्द अरबी. युरोपात जाऊन त्याच सिफरचे झीरो आणि सायफर असे दोन शब्द झाले. अरबांनी तो हिंदुस्थानी 'शून्य'चा तर्जुमा म्हणून घेतला, आणि मूळ अर्थ 'रिकामा'. म्हणजे रिकामं आणि शून्य यांचा घोळ भाषेतच बसलेला आहे, मी काही पहिला नव्हे. उर्दू आकड्यांत सिफर हा नुसता एक ठिपका असतो. पाचवीची मुलं तो इतका बारीक काढतात, की झेरॉक्समध्ये उडून जातो आणि पन्नासाचे पाच होतात. मी त्यांना ठिपका ठळक काढा म्हणून ओरडत असतो. अंदाजपत्रकाला उर्दूत मीजानिया असा शब्द आहे, मीजान म्हणजे तराजू. मराठीत 'अंदाज' फारसी आणि 'पत्रक' संस्कृत. मला हा जोडशब्द आवडतो, पण त्या रात्री तराजूचाच शब्द जड वाटत होता.

सहरीपर्यंत आम्ही फाइल दुरुस्त केली. सूत्रात 'इफ' आणि 'इझब्लँक' घातलं. मूळ घर कोरं असेल तर सारांशात शून्याऐवजी 'भेट बाकी' असे शब्द यावेत. बेरजेला त्याचा त्रास नाही, रकान्याची बेरीज घेताना एक्सेल शब्द सोडून देतं. शून्य दाखवायची टिक परत लावली. पिव्होट टेबलच्या ऑप्शन्समध्ये रिकाम्या घरात काय दाखवायचं याची जागा असते, तिथेही तेच दोन शब्द लिहिले. ज्यात आकडाच नाही तीही ओळ दाखवा, अशी तिथे एक टिक आहे. ती सापडायला भाचीलाही वेळ लागला. फिल्टर काढून टाकला. शून्य आता एकाच अर्थानं राहिलं, त्या घरानं स्वतः सांगितलंय की यंदा नको. अशी दोन घरं होती. त्यातलं एक गेल्या वर्षी घेणारं होतं, आता मुलगा कमावता झाला. ते शून्य छापायला मला आनंद वाटला.

दुसऱ्या दिवशी असरनंतर यादी हाजीसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर केला. "ये क्या है मास्तर? भेट बाकी, भेट बाकी. तीन जगा. अच्छा नईं दिखता. गेल्या साली यादी किती साफ होती."

मी म्हणालो, हो, साफ होती.

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. ती गोष्ट त्यांना माहीत होती. मग कागद दुमडून खिशात घातला आणि बाहेर खेळणाऱ्या दोन पोरांना हाक मारली. तीन पत्ते होते. पहिल्या घरी आम्ही गेलो तेव्हा कुलूपच होतं. शेजारणीनं सांगितलं, इफ्तारच्या आधी येतील. मगरिबला अजून पाऊण तास होता. मी एका पोराला दुसऱ्या पत्त्यावर पाठवलं आणि तिथल्या पायरीवर बसून राहिलो.