बाबांची लेन्स
बाबा गेल्यावर त्यांचा कॅमेरा रत्नागिरीच्या घरी, कपाटात चामड्याच्या केसमध्येच राहिला. दोन पावसाळे. यंदा ५० एमएमची लेन्स टॉर्चसमोर धरली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. चामडं ओल धरून ठेवतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

दुरुस्तीवाल्या काकांनी लेन्स उघडून काचा पुसल्या. बुरशी गेली; तिच्या आम्लाने कोटिंगवर कोरलेल्या रेषा राहिल्या. "फोटो येतील रे, फक्त उजेड समोरून घेऊ नकोस."

आता हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रतामापक घेतलाय. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवतो.

पहिला फोटो आईचा काढला, नेमका खिडकीसमोर. चेहऱ्याभोवती धुकं आलं. ती म्हणाली, "असू दे. कपाट उघडलंस तरी."