कोंबड्या अंडी देईनात? विकायच्या आधी हातात घेऊन बघा



सोयाबीनची मळणी उरकली, ऊसतोड सुरू झाली, की दरवर्षी मला चार घरांतून एकच प्रश्न येतो. "दाजी, कोंबड्या अंडीच देईनात, काय करायचं?" आणि नेमका त्याच दिवसांत कोंबड्या विकत घेणारा गाडीवाला गल्लीतनं फिरायला लागतो. त्याला हा हंगाम आपल्यापेक्षा बरा ठाऊक असतो. घरची बाई वैतागलेली असते, आणि चांगली दीड वर्षाची कोंबडी मिळेल त्या भावात जाळीत जाते.

यंदा शेजारच्या वहिनींचं तसंच चाललं होतं. आठ कोंबड्या. घरचा कर्ता माणूस गेल्यापासून अंड्याच्या पैशातनं त्यांचा बचत गटाचा हप्ता जातो. दोन आठवडे डालग्यात अंडं नाही, म्हणून रविवारी गाडीवाल्याला बोलावलेलं. मी म्हटलं, वहिनी, चार दिवस हाताशी आहेत, आधी बघू तरी.

पहिलं काम, अंडी खरंच बंद आहेत का ते बघणं. कोंबडी बहुतेक सकाळीच अंडं घालते. दोन दिवस सकाळी दहापर्यंत सगळ्यांना कोंडून ठेवायला सांगितलं. पहिल्याच दिवशी दोन अंडी! या दोघी एरवी कुठं घालतात म्हणून माग काढला, तर गोठ्यामागं पाचटाच्या ढिगात अकरा अंडी निघाली. तोडणीच्या दिवसात पाचट जिकडंतिकडं पडलेलं असतं, कोंबडीला त्याच्यासारखी जागा नाही. त्यातली किती घुशीनं आणि धामणीनं नेली असतील, त्याचा हिशोब नाही.

मग एकेक कोंबडी हातात घेतली. हे सगळ्यांना जमतं, डॉक्टर लागत नाही. शेपटीखाली अंडं येण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूला दोन हाडं लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं मावली आणि जागा ओलसर, रुंद असली की कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट कसंबसं गेलं, जागा कोरडी आणि आवळलेली, तुरा फिकट आणि बारीक, म्हणजे बंद आहे. पिवळ्या पायाच्या कोंबडीचं आणखी एक आहे, अंडी देता देता तिच्या पायाचा पिवळेपणा उतरत जातो. पाय पिवळेधमक आणि अंडं नाही, तर ती बरेच दिवस बसून खातीय समजा.

अशा बंद निघाल्या सहा. एक खुडूक होती, हात घातला की फुगून टोचायला यायची. गावरान कोंबडीचा हा धर्मच आहे. दहा-पंधरा अंडी घालायची, मग २१ दिवस रवण, मग पिलं. त्या सगळ्या काळात अंडं नाही, म्हणून तर गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंड्यांच्या आसपास राहते. पिलं नको असतील तर तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या खुराड्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी चालू ठेवा. नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुडवणं हे जुने उद्योग बंद करा. त्यानं जीव हैराण होतो, दुसरं काही नाही.

चार कोंबड्यांची पिसं झडत होती. त्यातल्या दोन गिरीराज. नवी पिसं म्हणजे सगळी प्रथिनंच. शरीर एका वेळी अंडं आणि पिसं दोन्ही उभं करत नाही. दिवस लहान झाला की हे सुरू होतं. आपल्याकडं मार्गशीर्षात दिवस ११ तासांचा असतो, जूनमध्ये १३ तासांच्या थोडा वर. अंड्याच्या फार्मवर १६ तास उजेड ठेवतात ते यासाठीच. पण माझं मत विचाराल तर आठ कोंबड्यांसाठी बल्बच्या नादी लागू नका. उजेड रोज ठरल्या वेळी मिळाला तरच उपयोग, आणि आपल्याकडच्या लाईटीचं काय सांगायचं! गिरीराज, ग्रामप्रिया पंचवीस-तीस असतील तर मात्र पहाटे दोन-तीन तास बल्ब लावून बघा. पहाटेच लावा. रात्री एकदम अंधार झाला तर कोंबड्या जागेवर बसायच्या आत चाचपडतात.

पण वहिनींच्या अंगणात मला खटकलं ते वेगळंच. मळणीचं राहिलेलं कच्चं सोयाबीन त्या रोज ओंजळभर टाकत होत्या. सोयाबीन म्हणजे ताकद, हे खरंच आहे, पण शिजलेल्या किंवा भाजलेल्या सोयाबीनचं. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. पिलांची वाढ खुंटते, मोठ्या कोंबडीची अंडी घटतात. म्हणजे पिसांसाठी प्रथिनं लागतात त्याच दिवसांत आपण ती पोटात अडवून ठेवतो. सोयाबीनची पेंड तयार होताना तापलेली असते, ती चालते. घरचा दाणा चांगला भाजून, भरडून घाला. नुसता मकाही नको, त्यानं कोंबडी चरबी धरते आणि अंडं आणखी लांबतं.

कवचाचंही बघा. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला पाहिजे ती खाते. घरची टरफलं घालायची तर भाजून बारीक करून घाला, नाहीतर अंडं फोडायची खोड लागते. आणि पाणी. अंड्यात जास्तीत जास्त पाणीच असतं. उन्हाळ्यात दुपारी भांडं कोरडं पडलं की दुसऱ्या दिवशी अंडं चुकलंच.

एक गोष्ट मात्र वेगळी धरा. सगळ्याच कोंबड्यांची अंडी एकदम बंद, मऊ कवचाची अंडी, हिरवट पातळ विष्ठा, मान वाकडी, असं दिसलं तर ते हवामान नव्हे, मानमोडी असू शकते. तिथं घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. तिच्यावर औषध नाही, लसच आहे. पिलाला पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब आणि आठव्या-दहाव्या आठवड्यात टोचून द्यायची लस.

रविवारी गाडीवाला आला. त्याला एकच कोंबडी मिळाली, चार वर्षांची, जिची अंडी वयानंच थांबलेली. पाचटाचा ढीग हलवला, डालग्यात पेंढा घालून दोन कोपरे केले, सोयाबीन चुलीवर भाजायला लागलं. खुडूक कोंबडी पौषात पुन्हा लागली. पिसं झडलेल्या चौघींपैकी तिघींनी संक्रांतीनंतर अंडी धरली. चौथी अजून नुसती खाते. वहिनी म्हणतात राहू दे, तुरा लाल व्हायला लागलाय.