दोन पात्या आणि एक ओसरी

बखरी आणि दफ्तरे जन्माची नोंद तिथी-वारासह ठेवतात, पण त्या जन्मामागच्या बाळंतपणाविषयी त्यांना फारसे बोलायचे नसते. 1775 सालच्या जानेवारीत धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंच्या पोटी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, तेव्हा राघोबादादा पुण्याच्या कारभाऱ्यांशी मांडलेल्या झगड्यात गुंतून दूर होते आणि त्यांच्या पत्नीला पवारांच्या त्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला होता, हे आपण इतिहासात वाचतो; परंतु माळव्याच्या त्या हिवाळ्यात तिच्या खोलीतली शेगडी कोणी धगधगती ठेवली, रात्री रडणारे बाळ तिच्या कुशीतून घटकाभर कोणी उचलून घेतले आणि "तू जरा डोळे मीट" असे तिला कोणी म्हटले, हे मात्र माझ्या वाचनात कुठे आले नाही. असे म्हणणारे कोणीतरी तिथे असलेच पाहिजे, अशी माझी श्रद्धा आहे. कारण तसे कोणी जवळ नसताना आई होणे किती कठीण, याचा अनुभव मी घेतलेला आहे.

माझे माहेर धारचे आणि सासर देवासचे. पहिलटकरणीने माहेरी यावे या रीतीप्रमाणे माझे बाळंतपण धारला झाले आणि डिंकाचे लाडू, ओव्याची धुरी, न्हाऊ-माखू घालणारी बाई अशा चोख बंदोबस्तात ते दिवस कसे सरले ते समजलेही नाही. बारसे आटोपून तान्ह्याला घेऊन देवासला परतले, तेव्हा घरात माणसे होती, मायाही होती. पण दुपारी सगळे घर निजले असता पाळण्याची दोरी हाती धरून मी बसे, आणि आपल्याला काय होते आहे हे विचारणारे, किंबहुना न विचारता ओळखणारे, समवयस्क असे कोणी या गावात नाही, या जाणिवेने माझे डोळे भरून येत.

देवास हे वाटणीचे गाव. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशांत संस्थान विभागले गेले आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात, एकाच टेकडीच्या छायेत नांदू लागली; दोन राजे, दोन दरबार, दोन दफ्तरे, दोन महसूल. 1948 साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या, तरी अमुक घराणे थोरल्या पातीचे आणि तमुक धाकट्या पातीचे, हा हिशेब वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून पुढे पुष्कळ वर्षे गेला नाही. मात्र याच गावाचे दुसरेही एक रूप आहे. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून येथे राहिले होते. राजवाड्यात त्यांनी पाहिलेला गोकुळाष्टमीचा उत्सव पुढे त्यांच्या 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीच्या अखेरच्या भागाला आधारभूत झाला. एका बाळाच्या जन्माने राजापासून रंकापर्यंत सर्वांनी देहभान हरपावे, हे त्या परदेशस्थाला अपूर्व वाटले. आम्हा बायकांना ते अपूर्व नव्हते. आमच्या ओसरीवर ते नित्य घडत होते.

ही ओसरी आमच्यापासून चार घरांपलीकडची. सासूबाईंनीच एके दिवशी मला तिकडे पाठविले, "दुपारची तिथे जाऊन बसत जा, बाळालाही बरं वाटेल" म्हणून. तिथे लेकुरवाळ्या बायकांची बैठक भरे. तिला नाव नव्हते, वर्गणी नव्हती, अध्यक्षीण तर नव्हतीच. परंतु साऱ्यांचे लक्ष असे ते एका वृद्ध मावशींकडे. कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या, स्वतःचे मूल नसलेल्या या मावशींनी भावंडांची आणि शेजाऱ्यांची किती पोरे मांडीवर वाढविली असतील, याची गणती त्यांनाही नव्हती. माझे बाळ हमसून रडत असता त्यांनी हात पुढे केले. "अगं, ते भुकेनं नाही रडत, झोपेनं रडतंय. दे इकडे." पालथ्या मांडीवर त्याला घेऊन त्या पाठीवर थोपटू लागल्या आणि ते शांत झाले, त्याच्यामागून, बऱ्याच दिवसांनी, मीही.

समोर सहाण असे. मुरडशेंगेचे दोन वळसे, हळकुंडाचा एक, वेखंडाचा अगदी पुसटसा, अशी घुटी मावशी उगाळीत आणि प्रत्येक वळशागणिक एकेका बाळाची प्रकृती विचारीत. पुढे डॉक्टरांनी पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून काही देऊ नका, असे बजावले, तेव्हा मावशींनी ते मुकाट्याने मान्य केले. सहाण बाजूला गेली, विचारपूस तशीच राहिली. त्या वेळी माझ्या ध्यानी आले की, आम्हाला बांधून ठेवणारे द्रव्य सहाणेवर नव्हते.

चैत्राचे आणि संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्याकडे थाटाने होई. पण त्या समारंभाला सवाष्णीच तेवढ्या बोलवायच्या, हा त्याचा दंडक. साऱ्या गावची पोरे वाढविणाऱ्या मावशी त्या दिवशी आपल्या खोलीत बसून राहत. ओसरीवरच्या बायकांना हे सोसेना. माझ्या बाळाचे बोरनहाण आले, तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून ठरविले की, पहिली ओंजळ मावशींचीच. काळे झबले आणि हलव्याचे दागिने ल्यालेल्या बाळाच्या डोक्यावरून त्यांनी बोरे, उसाचे करवे आणि चुरमुरे ओतले; ते वेचायला मराठी घरांतली मुले धावली, तशीच शेजारच्या माळवी जिजींची नातवंडेही धावली; थोरल्या पातीचे कोण आणि धाकट्या पातीचे कोण, हे विचारण्याची शुद्ध कोणालाच उरली नाही. मावशींचे हात थरथरत होते. जिजींनी तिथेच बधावा गाण्यास सुरुवात केली आणि शब्द पुरते न समजताही आम्ही टाळ्यांचा ठेका धरला.

याच गावात 1948 साली क्षयाने जर्जर झालेले कुमार गंधर्व विश्रांतीसाठी आले. गाणे वर्ज्य असलेल्या त्या काळात माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली आणि त्या धुनांतून पुढे त्यांचे धुनउगम राग आकारास आले. ज्या गाण्यांतून एका थोर गायकाला नवी दृष्टी मिळाली, ती बायकांनी जात्यावर, पाळण्याशी आणि अंगणात एकमेकींच्या सोबतीने जतन केलेली होती. सोबत हीच त्यांची पाठशाळा.

आता देवासला कारखाने आले, नोटांचा छापखाना आला, नाना प्रांतांतून माणसे आली, आणि नव्या वसाहतींच्या बंद दारांआड तान्ही बाळे घेऊन बसलेल्या, कोणाची ओळख नसलेल्या सुना पूर्वीपेक्षा अधिक झाल्या. त्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत. त्यांना हवे आहे ते दुपारी जाऊन बसण्याजोगे एक ठिकाण. माहेरचे प्रेम आपल्याला जन्माने मिळते, त्यात आपले कर्तृत्व काही नसते. पण परक्या गावात एका स्त्रीने दुसरीला दिलेले माहेर हे निखळ औदार्य असते, आणि ज्यांना ते एकदा लाभले त्यांनी ते पुढे पोचविले पाहिजे. म्हणून आमच्या आळीत नवे बिऱ्हाड आले आणि दोरीवर लंगोट वाळताना दिसले की, त्या दारावर थाप मारण्याचे काम मी दुसऱ्या कोणावर सोपवीत नाही.