कूस बदलताना

गरोदर बाईच्या खाण्याची काळजी करायला आपल्याकडे माणसं कमी पडत नाहीत. डोहाळे विचारले जातात, शेजारच्या काकू लोणचं आणून देतात, ऑफिसातल्या मैत्रिणी डब्यातलं आवडीचं आधी तिच्या पुढे सरकवतात. झोपेचं तसं होत नाही. तिची झोप ती बघून घेईल असं सगळ्यांनी धरलेलं असतं, तिनेही. सातवा महिना सरल्यावर मला झोपेचा जो काही अभ्यास करावा लागला, त्यातून मला कळलेली मुख्य गोष्ट अशी की ती एकटी हे बघून घेऊ शकत नाही.

माझी परिस्थिती फार वेगळी नव्हती. डोंबिवलीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात नवरा, सासूबाई आणि मी. ऑफिस ठाण्याला. नवरा घरी यायचा साडेनवाला, मग आम्ही जेवायचो, ओटा आवरेपर्यंत अकरा वाजायचे. झोप लागायची लगेच, टिकायची मात्र नाही. एक वाजता लघवीला, अडीचला छातीत जळजळ, चारला पोटरीत गोळा, आणि पाचला नळाला पाणी. सकाळी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की मी ठाणे येईपर्यंत झोपायचे. दिवसातली सगळ्यात चांगली झोप तीच असायची.

डॉक्टर म्हणाल्या, "शेवटच्या तिमाहीत असं होतंच." बरोबरच होतं ते. पण 'होतंच' म्हणजे नक्की काय होतं, हे कळल्यावर त्यातलं थोडं कमी करता येतं, हे मला वाचून समजलं. दिवसभर उभं राहून किंवा खुर्चीत बसून पायांत जे पाणी साठतं, ते आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. म्हणून संध्याकाळी तासभर पाय वर घेऊन पडलं तर त्यातलं बरंच काम झोपेआधी उरकतं. पाणी कमी प्यायचं नाही, मात्र जास्तीतजास्त दिवसा प्यायचं. जळजळीचं कारण प्रोजेस्टेरॉन. या हार्मोनमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, खालून गर्भाशय जठराला ढकलतं, आणि पोटातलं आम्ल वर येतं. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर हवं आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच हवी. पोटरीत गोळा आला तर पाऊल हाताने आपल्याकडे ओढायचं, म्हणजे पोटरी ताणली जाते. आठव्या महिन्यात आपला हात आपल्या पावलापर्यंत पोचत नाही, म्हणजे हे दुसऱ्या कुणीतरी करायला हवं.

आणखी एक त्रास होता, त्याला नाव आहे हे मला माहीत नव्हतं. आडवं झालं की पायांत काहीतरी वळवळल्यासारखं व्हायचं आणि पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. उठून चार पावलं चाललं की थांबायचं, परत पडलं की परत सुरू. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. गरोदरपणात तो बऱ्याच जणींना होतो आणि शरीरातलं लोह कमी असणं हे त्याचं एक मोठं कारण आहे. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. त्यांतल्या किती जणी रात्री अशा पाय हलवत बसत असतील, कोण मोजणार. माझी लोहाची गोळी चालू होती, पण मी ती सकाळी चहाबरोबर घेत होते. चहाने लोह शरीरात कमी शोषलं जातं. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घ्यायची नसते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, वेळा बदलून दिल्या, लिंबू पिळलेलं काहीतरी बरोबर घ्यायला सांगितलं. तीन-चार आठवड्यांत पाय बरेच शांत झाले.

मग कुशीचा प्रश्न. डाव्या कुशीवर झोप, हे मला डॉक्टर, नर्स, आई आणि लोकलमधल्या दोन अनोळखी बायका अशा सगळ्यांनी सांगितलं होतं. पाठीवर झोपलं की वाढलेलं गर्भाशय खालच्या महाशिरेवर दाब देतं. ही शीर कण्याच्या किंचित उजवीकडून जाते, आणि ती दबली की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. सिझेरियनच्या वेळी टेबल थोडं डावीकडे कलतं ठेवतात किंवा उजव्या कमरेखाली उशी देतात, ते याचसाठी. ऑकलंडच्या संशोधकांनी २०११ साली झोपण्याची स्थिती आणि शेवटच्या महिन्यांतले पोटातले मृत्यू यांचा संबंध दाखवला. पुढे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अठ्ठावीस आठवड्यांनंतर पाठीवर झोपी जाणाऱ्या बायकांमध्ये ही शक्यता कुशीवर झोपी जाणाऱ्यांपेक्षा साधारण अडीचपट जास्त दिसली. डावी आणि उजवी कूस यांत मात्र फरक दिसला नाही.

सासूबाईंचा नियम आणखी कडक होता. कूस बदलायची तर आधी उठून बसायचं आणि मग दुसऱ्या बाजूला पडायचं, नाहीतर नाळ बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळते. ही भीती आजची नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आईने काय केलं तर गर्भाला काय होतं याची एक लांबलचक यादी आहे. उताणी झोपणारीच्या गर्भाच्या गळ्याला नाळ वेढा घालते, असं त्यात आहे. फार झोपणारीचं मूल सुस्त आणि मंद होतं, असंही आहे. म्हणजे तिने कसं झोपू नये आणि किती झोपू नये, दोन्ही सांगून झालं आहे. वास्तविक नाळेचा वेढा बाळाच्या स्वतःच्या हालचालींनी पडतो, साधारण चार-पाच जन्मांत एकदा तो दिसतो, आणि बहुतेक वेळा त्याने काही होत नाही. मी पडल्यापडल्याच कूस बदलत राहिले. रात्रीतून आठ वेळा उठून बसण्यात झोपेचा उरलासुरला भागही संपला असता.

हे सगळं मी एवढ्या आस्थेने का वाचत होते, त्याचं कारण माझी धाकटी मावसबहीण आहे. माझ्या आधी दीड वर्ष, छत्तिसाव्या आठवड्यात, तिचं बाळ पोटातच गेलं. तपासण्या झाल्या, कारण सापडलं नाही. भेटायला येणारी माणसं वाईट नव्हती. पण बसली, पाणी प्यायली, की कुणीतरी विचारायचंच, "झोपायची कशी गं? डाव्या कुशीवरच ना?" दहाव्या दिवसापर्यंत तो प्रश्न तिचा स्वतःचा झाला होता. मी तिच्या शेजारी गादीवर पडले होते, दिवा बंद होता, आणि ती म्हणाली, "ताई, मी झोपेत पाठीवर वळत असेन का गं?"

त्या रात्री माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. त्या अभ्यासांत बायकांना विचारलं होतं ते झोपी जाताना त्या कशा होत्या, हे. झोपेत माणूस वळतंच. जाग आली आणि पाठीवर असलो तर परत कुशीवर व्हायचं आणि झोपायचं, इतकंच त्या संशोधकांचं म्हणणं. दुसरं असं, की मुळातली शक्यता खूप लहान आहे, आणि लहान आकड्याची अडीचपटही लहानच असते. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. त्याच २०१९ च्या हिशोबानुसार सगळ्याच बायका कुशीवर झोपू लागल्या तरी अशा मृत्यूंपैकी जेमतेम सहा टक्के टळतील. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव कशाने होतात, त्याचं उत्तर तिच्या अंथरुणात नाही. सहा टक्के थोडे नाहीत. त्यासाठी कुशीवर झोपणं सोपं आहे आणि झोपावंच. पण ज्या माहितीने पुढचं बाळ वाचू शकतं, तीच माहिती गेलेल्या बाळाच्या आईवर आरोप म्हणून कशी वापरली जाते, हे मी पाहिलं होतं. एकदा झोप ही तिची एकटीची जबाबदारी ठरली, की जे घडेल तेही तिचंच ठरतं.

हे मी एका रविवारी सासूबाईंशी बोलले. त्यांचं पहिलं बाळंतपण चाळीतलं. एका खोलीत आठ माणसं, यांचं अंथरूण मोरीशेजारी. रात्री जो कोणी उठेल तो यांना ओलांडून जाणार. दुपारी पडलेल्या दिसल्या तर थोरल्या जाऊबाई बोलायच्या. मी विचारलं, मग झोपायचात कधी? त्या म्हणाल्या, "सातव्या महिन्यात माहेरी गेले ना. पहिले चार दिवस नुसती झोपले. आई उठवायची ती जेवायला."

मला वाटतं, माहेरी जाण्याच्या पद्धतीत हा एक शहाणपणा होता. सासरी झोप मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून झोपेसाठी एक घर राखून ठेवलेलं होतं. आता नोकरी करणारी बाई सातव्या महिन्यात जाऊ शकत नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची रजा मिळते. त्यांतले जास्तीतजास्त आठ बाळंतपणाआधी घेता येतात, पण आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या बाळाजवळच्या दिवसांतून वजा होतो. म्हणून आम्ही सदतिसाव्या आठवड्यापर्यंत लोकल पकडतो. माहेर पुढे ढकललं गेलं, आणि त्याच्या जागी राहत्या घरात काही आलं नाही.

ते बोलणं झाल्यावर आमच्या घरी काही गोष्टी बदलल्या, आणि माझ्या झोपेत जो फरक पडला तो त्यांनी पडला. मी साडेसातला जेवू लागले, नवऱ्याची वाट न पाहता. हे सासूबाईंनीच सुरू केलं, पहिल्या दिवशी ताट वाढून हाक मारली. जळजळ निम्म्याने गेली. पाचचं पाणी नवऱ्याकडे गेलं. त्याने पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. रात्री पोटरीत गोळा आला की त्याला उठवायचं, असं ठरलं. इंग्रजी यू अक्षराची महागडी उशी मी ऑनलाइन बघून ठेवली होती. सासूबाईंनी बैठकीतला लोड पाठीला लावला, पोटाखाली जुन्या साडीची घडी आणि गुडघ्यांमध्ये उशी दिली. पाठीला लोड असला की झोपेत पूर्ण उताणं होता येत नाही, आणि ती काळजी मनातून जाते. सुट्टीच्या दुपारी अर्धा-पाऊण तास मी पडले की त्या बाहेरच्या खोलीतला टीव्ही बंद ठेवायच्या. दुपारची मालिका बुडवणं ही त्यांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

याने सलग आठ तास झोप लागली असं कुणी समजू नये. शेवटच्या महिन्यात बाळाचं डोकं खाली सरकलं आणि लघवीच्या फेऱ्या परत वाढल्या. पण उठून परत झोप लागू लागली, आणि रात्रीची धास्ती गेली. काही जागरणं मात्र उशी-लोडाने सोडवायची नसतात, ती डॉक्टरांना सांगायची असतात. रात्री तळहात-तळपायांना खाज सुटत असेल, तर ते यकृताच्या त्रासाचं लक्षण असू शकतं. नव्यानेच मोठं घोरणं सुरू झालं, किंवा डोकं सतत दुखू लागलं, तर रक्तदाब बघायला हवा. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर 'आता जागा कमी पडते म्हणून' हे ऐकून घ्यायचं नाही. हालचालीची पद्धत बदलेल, पण ती मंदावायला नको. तसं वाटलं की रात्रीच निघायचं, सकाळची वाट बघायची नाही.

माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे. मावसबहिणीला परत दिवस राहिलेत, एकतिसावा आठवडा चालू आहे. डाव्या कुशीबद्दल तिला सांगणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि ती न सांगताही जागीच असते. म्हणून मागच्या आठवड्यात मी फोन तिच्या नवऱ्याला केला. जेवण किती वाजता होतं, सकाळी पहिलं कोण उठतं, घरात लोड आहे का, एवढंच विचारलं. लोड नव्हता. रविवारी तो दादरहून घेऊन आला.