मालक पुण्याचे, क्लब ब्लॅकबर्नचा

मंडळी, आपल्या वार्तापत्रात गणेशोत्सवाचा जमाखर्च असतो, पाककृती असतात, मुलांच्या परीक्षांचे निकाल असतात. फुटबॉल सहसा नसतो. पण लँकेशायरात राहणाऱ्या पुणेकराला हा विषय टाळता येत नाही. पूर्वी "तुम्ही मूळचे कुठले?" या प्रश्नाला "पुण्याचा" असे सांगितले की "ते मुंबईच्या जवळ का?" असे विचारत. नोव्हेंबर २०१० नंतर मात्र समोरचा लगेच म्हणू लागला, "अच्छा, वेंकीजचे गाव!" पुढे पुढे त्या म्हणण्यात कौतुक उरले नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे गाव. इथल्या मागांवर एके काळी आपल्याकडे नेसायची धोतरे विणली जात आणि जहाजाने हिंदुस्थानात येत. या गावात १८७५ साली ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब निघाला. १८८४, १८८५ आणि १८८६ अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांनी एफ. ए. कप जिंकला. १८८८ साली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांत रोव्हर्स होते, आणि १९९२ साली प्रीमियर लीग निघाली तेव्हाही होते. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गावाचे म्हणावे असे जे उरले, त्यात इवूड पार्क हे मैदान मोठे.

मग जॅक वॉकर आले. ब्लॅकबर्नचाच माणूस. वडिलांचा छोटा पत्र्याचा धंदा भावाबरोबर वाढवून त्यांनी पोलादात पैसा केला, कंपनी ब्रिटिश स्टीलला विकली आणि १९९१ साली लहानपणापासूनचा आवडता क्लब हाती घेतला. केनी डॅल्ग्लिशना मॅनेजर म्हणून आणले, ॲलन शिअररला विकत घेतले, मैदानाचे स्टँड नव्याने बांधले. मे १९९५ मध्ये शेवटच्या दिवशी रोव्हर्स लिव्हरपूलकडून हरले, पण तिकडे मँचेस्टर युनायटेडलाही जिंकता आले नाही आणि ८१ वर्षांनी विजेतेपद ब्लॅकबर्नला आले. पैशाच्या जोरावर जिंकले, असे तेव्हाही लोक म्हणतच होते.

वॉकर २००० साली वारले. त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टने दहा वर्षांनी क्लब विकला. घेणारे होते पुण्याचे वेंकीज, म्हणजे आपल्या ओळखीचे कोंबडीवाले. किंमत २ कोटी ३० लाख पौंड. महिन्याभरात सॅम ॲलरडाइस या अनुभवी मॅनेजरना काढले आणि त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्याला बालेवाडीत पुणे एफ. सी.शी सामना खेळून आला. मला त्याचे अप्रूप वाटले. शेजाऱ्यांना वाटले, हंगामाच्या मध्येच ही वरात कशाला? ७ मे २०१२ रोजी विगनने इवूड पार्कवर १-० ने हरवले आणि रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. त्या दिवशी कोणी तरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून बहिणीचा फोन, "टी.व्ही.वर तुमचं गाव दाखवलं!" दोन्ही गावे माझीच, हसू की रडू कळेना.

त्यानंतरचा एक मॅनेजर ५७ दिवस टिकला. २०१७ साली संघ तिसऱ्या पायरीवर घसरला, पुढच्याच वर्षी वर आला. न्यायाने सांगायचे तर मालकांनी हात आखडता घेतला असे नाही. वर्षानुवर्षे तोटा त्यांनीच भरला. तो भरला नसता तर क्लब बुडालाही असता. मग लोकांचा राग कशाचा?

काहीजण म्हणतात, मालक परके आहेत म्हणून. मला ते पटत नाही. वॉकरही कर वाचवण्यासाठी जर्सी बेटावर राहत, पण सामन्याला येत आणि गावाच्या सुखदुःखात दिसत. इथले लोक पासपोर्ट बघत नाहीत, खुर्चीत माणूस आहे की नाही ते बघतात. मालक वर्षानुवर्षे इवूड पार्ककडे फिरकत नाहीत, प्रश्नांना उत्तर देत नाहीत, हीच मुख्य तक्रार. २०२३ साली भारतातल्या एका चौकशीमुळे इकडे पैसे पाठवायला न्यायालयाची परवानगी लागू लागली, तेव्हा तर गावाला आपल्या क्लबची खबर दिल्लीच्या कोर्टातून घ्यावी लागली.

आपल्याकडे देवस्थानाला विश्वस्त असतात. किल्ल्या त्यांच्याकडे, हिशेब त्यांच्याकडे, पण देव गावाचा. विश्वस्ताने खिशातून कळस सोन्याचा केला तरी उत्सवाच्या दिवशी तो दिसला नाही तर गाव विचारणारच. गांधीजी धनिकांना विश्वस्त व्हा म्हणून सांगत. हेच गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये ब्लॅकबर्नच्या शेजारी डार्वेनला आले होते. स्वदेशीमुळे इथल्या मजुरांचे काम गेले होते, तरी ते स्वतः येऊन त्यांच्यासमोर उभे राहिले, आणि लोकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. नुकसान झालेल्या माणसालाही समोर येणाऱ्याचा मान राखता येतो, हे या भागाने तेव्हाच दाखवले आहे.

माझा मुलगा इथेच जन्मला. शाळेत त्याला कोणी डिवचले, "तुमच्या लोकांनी आमचा क्लब बुडवला," तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "क्लब माझाही आहे, मीही बुडालो." घरी येऊन त्याने मला हे सांगितले तेव्हा ती निळी-पांढरी जर्सी अंगात होतीच. पुणे त्याला आजीमुळे प्रिय आहे, रोव्हर्स गावामुळे. दोहोंत निवड करायला त्याला कोणी सांगू नये, आपणही नाही.

तेव्हा मंडळी, पुण्याहून पाहुणे आले की त्यांना लेक डिस्ट्रिक्ट दाखवताच, एक शनिवार इवूड पार्कलाही न्या. जॅक वॉकर यांचा पुतळा दाखवा. आणि कोणी विचारले, "कुठले?" तर मान वर करून "पुण्याचे" म्हणा, तिकीट काढा आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत बसा.