जुळाऱ्याचे देणे

गाण्याच्या वर्गासाठी बंदिशींची पुस्तिका टंकायचे काम माझ्याकडे आले. म्यूझस्कोर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि पाच रेषांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीला उत्तमही आहे, पण आमच्या बाईंना भातखंडे लिपीच हवी होती. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली बिंदू, तारसप्तकाला वर. कीबोर्डवर त्या रेघा कुठे शोधायच्या?

शेजारचे काका छापखान्यात खिळे जुळवायचे. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नाही. माझ्यामागे खुर्ची ओढून बसत. म्हणाले, "अगं, वेदाची पोथी जुळवताना हेच लागायचं. अनुदात्ताला खाली आडवी, स्वरिताला डोक्यावर उभी. तुझ्या यंत्रात वेद छापतच नाहीत का?" छापत होते! युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात दोन्ही खुणा निघाल्या. ग॒ कोमल झाला, म॑ तीव्र. ऋग्वेदाच्या खुणा मालकंसाला लागू पडतात हे मला कुठल्या संगणकवाल्याने सांगितले नसते.

मालकंसानेच पुढे छळले. त्यात गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल. मंद्रातला धैवत आला की एकाच अक्षराखाली रेघही हवी आणि बिंदूही. बिंदूसाठी मी नुक्ता वापरत होते. काही फॉन्टांत तो रेघेवरच चढे. काकांची परीक्षा एकच. कागद हार्मोनियमवर ठेवायचा, मागे सरकून बसायचे आणि बिंदू दिसतो का पाहायचे. त्या परीक्षेत सुबक, नाजूक फॉन्ट पटापट नापास झाले. मला आवडलेला एकही टिकला नाही, त्याचे अजून थोडे वाईट वाटते. शेवटी एक जाडजूड फॉन्ट ठरला, ओळींतले अंतर वाढवले, तेव्हा कुठे धैवत सुटा दिसू लागला.

मात्रा स्पेसबार दाबून जुळत नाहीत, कारण 'नि' आणि 'म' यांची रुंदी सारखी नसते. म्हणून एक्सेलमध्ये त्रितालाची सोळा घरे केली, घराला एक मात्रा; रेषा फक्त विभागांच्या ठेवल्या. बंदिश नवव्या मात्रेपासून, खालीपासून उठत असेल तर ओळही तिथूनच सुरू करायची, हा काकांचा हट्ट. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत तसेच असते, आणि गाणाऱ्याच्या डोळ्याला तेच सोयीचे. अशा ओळीत सम नवव्या घरात पडते.

एका मात्रेत दोन स्वर आले की त्यांच्याखाली काढायची चंद्रकोर मात्र आम्हा दोघांनाही नीट बसवता आली नाही. ती काका प्रत्येक प्रतीवर पेनने काढून देतात. हात कापतो, कोर तिरकी जाते म्हणून कुरकुरतात. पण पेन माझ्या हातात देत नाहीत.